मे महिन्यात जैसलमेरला जाताय? आधी घड्याळ बदला!

घरातल्या सगळ्यांना एकदम रजा मिळते ती मे महिन्यातच. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, ऑफिसमधून आठवडाभर सुटका होते आणि तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर सोनेरी किल्ल्याचा रील दाखवतं. ठरतं, यंदा जैसलमेर! त्यावर घरातलं ज्येष्ठ माणूस हमखास विचारतं, "मे महिन्यात वाळवंटात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. जैसलमेरचा पर्यटन हंगाम ऑक्टोबर ते मार्च. होळी झाली की गर्दी ओसरते आणि मेमध्ये शहर जवळजवळ रिकामं होतं. पण तिथले लोक काही घरं सोडून जात नाहीत. साडेआठशेहून अधिक वर्षं ते याच उन्हात राहताहेत. ते कसं राहतात हे समजून घेतलं आणि आपला दिवस त्यांच्या घड्याळावर लावला, तर धडधाकट माणसाला मेमध्येही जैसलमेर पाहता येतं. मात्र सकाळी नऊला नाश्ता आणि दिवसभर साइटसीइंग हा आपला नेहमीचा खाक्या तिथे नेला, तर सहल दवाखान्यात संपू शकते.

म्हणूनच ही सविस्तर माहिती.

मेमध्ये जैसलमेर किती तापतं?

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने. पण थारच्या वाळवंटात वैशाख लागेपर्यंत वसंताचं फक्त नाव उरलेलं असतं. एप्रिलमध्ये जैसलमेरचं दुपारचं तापमान सरासरी ३७-३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, मेमध्ये ते ४१-४२ वर जातं. उष्णतेची लाट आली की ४५ च्या पुढे. जोधपूर आणि जैसलमेरच्या मध्ये असलेल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. ही भारतातली विक्रमी नोंद आहे.

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचे वाचक म्हणतील, यात नवीन काय? आकड्यांच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. मेमध्ये नागपूरही तेवढंच तापतं. फरक आजूबाजूच्या प्रदेशात आहे. विदर्भात रस्त्याला कडुलिंब, चिंच, आंबा असतो, दर काही मैलांवर गाव असतं. जैसलमेर हा क्षेत्रफळाने राजस्थानातला सर्वात मोठा जिल्हा, सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ अडीच पट. त्यात वस्ती अगदी विरळ. शहराबाहेर पडलात की सावली आणि पाणी जवळ असेल हे गृहीत धरता येत नाही. गाडी बंद पडली तर उघड्या माळावर उभं राहायची वेळ येते आणि वरून लू म्हणजे भाजून काढणारा वारा वाहत असतो.

रात्रीचं चित्र वेगळं असतं. हवेत बाष्प कमी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे सूर्य मावळला की वाळूतली उष्णता भराभर निघून जाते. मेमधलं जैसलमेरचं पहाटेचं तापमान साधारण २६-२७ अंश असतं, मुंबईइतकंच. मुंबईत दिवस आणि रात्रीतला फरक सहा-सात अंशांचा, इथे तो पंधरा अंशांचा. तुमच्या सहलीचा सगळा हिशोब या पंधरा अंशांवर मांडायचा आहे.

कोरडी हवा फसवते ती कशी?

मुंबई-कोकणातल्या माणसाला घाम निथळला की कळतं, आता पाणी प्यायला हवं. जैसलमेरमध्ये ही खूणच मिळत नाही. हवा इतकी कोरडी असते की घाम आला त्या क्षणी उडून जातो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, "घाम तर येतच नाहीये" असं वाटत राहतं आणि शरीरातलं पाणी मात्र झपाट्याने कमी होत असतं. डोकं दुखायला लागलं, लघवी कमी आणि गडद पिवळी व्हायला लागली की समजावं, उशीर झालाय.

याच कोरडेपणाचा उपयोगही आहे. पाणी उडून जाताना उष्णता सोबत नेतं. त्यामुळे मुंबईत कुचकामी ठरणारा कूलर जैसलमेरमध्ये खोली चांगली गार करतो. माठातलं पाणी थंडगार होतं. प्रवासात गाडीला बाहेरून लटकवायची जाड कापडी छागल आपल्याकडेही जुन्या लोकांना आठवत असेल, ती तिथे आजही काम देते. मानेभोवती ओला पंचा गुंडाळला तर काही मिनिटांत फरक जाणवतो, फक्त तो पुन्हा पुन्हा भिजवावा लागतो.

तेव्हा नियम सोपा आहे. तहान लागायची वाट पाहू नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं थोडं पाणी प्या. पण नुसतं पाणीच लिटरने पोटात ढकलू नका. घामातून मीठही जातं, ते ताक, लिंबू सरबत, पन्हं किंवा ओआरएसमधून भरून काढावं लागतं. पाकीट जवळ नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण पाठच करून ठेवा.

चार वाजले म्हणजे ऊन उतरलं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

भारतीय प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावर. जैसलमेर आहे जवळजवळ ७१ अंशांवर, म्हणजे बरंच पश्चिमेला. त्यामुळे तिथला सूर्य आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा साधारण पाऊण तास मागे चालतो. मेच्या मध्यावर सूर्य उगवतो सहाच्या सुमारास, डोक्यावर येतो पाऊण वाजता आणि मावळतो साडेसातच्या आसपास. माध्यान्हीनंतरही जमीन तापतच राहते, त्यामुळे सर्वात कडक वेळ असते दुपारी तीन ते पाच. पुण्या-मुंबईच्या सवयीने चार वाजता "चला, आता निघूया" म्हणणारा माणूस नेमका भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

म्हणून वेळापत्रक असं ठेवा:

पहाटे ५.३० ते ९.३० : बाहेर. चालायचं, चढायचं, उघड्यावरचं जे असेल ते यात उरका.
सकाळी १० ते संध्याकाळी ५.३० : आत. जेवण, झोप, पुस्तक. बाजारातसुद्धा जाऊ नका, दुपारी बरीच दुकानं अर्धी मिटलेलीच असतात.
संध्याकाळी ६ ते रात्री १० : पुन्हा बाहेर. तलाव, बाजार, गच्ची, वाळूच्या टेकड्या.

म्हणजे दिवसाला सात-आठ तास हाताशी येतात. हिवाळ्यात दोन दिवसांत जे पाहून होतं त्याला मेमध्ये तीन-चार दिवस धरा. ऑफ सीझन असल्याने खोल्यांचे दर उतरलेले असतात, त्यामुळे एक मुक्काम वाढला तरी खिशाला फार झळ बसत नाही.

या शहराने उन्हाशी जुळवून कसं घेतलं?

जैसलमेर वसवलं भाटी राजपूत घराण्यातल्या रावळ जैसल यांनी, ११५६ मध्ये. त्रिकूट टेकडीवरचा किल्ला, त्याचे ९९ बुरूज, पिवळा वालुकाश्म आणि सकाळ-संध्याकाळी त्यावर चढणारा सोन्याचा रंग हे आपण फोटोंत पाहिलेलं असतं. सत्यजित राय यांच्या १९७४ च्या 'सोनार केल्ला' चित्रपटाने हा किल्ला बंगाली घराघरांत पोहोचवला. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांसोबत तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आत आजही हजारो माणसं राहतात.

पण मेमध्ये गेलात तर एक गोष्ट दिसेल, जी डिसेंबरच्या पर्यटकाला सहसा दिसत नाही. हे शहर सुंदर दिसण्याआधी सावलीसाठी बांधलेलं आहे.

गल्ल्या मुद्दाम अरुंद आहेत. दोन्ही बाजूंच्या उंच घरांमुळे जमिनीवर ऊन पोहोचतं ते माध्यान्हीचा थोडा वेळच. भिंती जाड दगडी, त्या दिवसभराची उष्णता आत पोहोचू देत नाहीत. घरांच्या मधोमध चौक असतो, रात्री गार हवा तिथे उतरते. हवेल्यांच्या दर्शनी भागावरचे पुढे आलेले झरोके आणि छज्जे खालच्या भिंतीवर सावली धरतात. दगडात कोरलेली जाळी ऊन अडवते आणि वारा आत सोडते. पटव्यांच्या हवेलीत भर उन्हाळ्यात पाच मिनिटं जाळीमागे उभे राहा, या नक्षीला किती काम आहे ते अंगाला कळेल. ही एक हवेली नसून पाच हवेल्यांचा समूह आहे. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं काम सुरू केलं.

पाण्याचंही तसंच. इथे वर्षाला जेमतेम २० सेंटीमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. मुंबईत पावसाळ्यात एवढा पाऊस कधी कधी एका दिवसात पडून जातो. चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांनी नव्याने बांधून काढलेला गडीसर तलाव पावसाचं पाणी साठवण्यासाठी होता. शतकानुशतकं शहर त्याच्यावर जगलं. शहराबाहेर पालीवाल ब्राह्मणांनी 'खडीन' नावाची पद्धत वापरली. उताराच्या खालच्या टोकाला मातीचा लांब बांध घालायचा, पावसाचं वाहून येणारं पाणी शेतातच अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचं पीक घ्यायचं. कुलधरा हे एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं गाव त्याच पालीवालांचं. सोशल मीडियावर ते 'भुताचं गाव' म्हणून फिरतं. भुतांच्या गोष्टी बाजूला ठेवा. वाळवंटात गहू पिकवणाऱ्या माणसांचं गाव म्हणून ते पाहिलंत तर जास्त काही हाती लागेल.

काय पाहायचं आणि केव्हा?

पहिला दिवस, किल्ला. पहाटे साडेपाचला अखै पोल या दरवाजातून वर चढायला लागा. सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे एकामागून एक दरवाजे लागतात. चढ दगडी आहे, पण त्या वेळी गार असतो. सूर्योदय वरून पाहा. आतली जैन मंदिरं बाराव्या ते सोळाव्या शतकातली, कोरीव कामासाठी आवर्जून पाहावीत अशी. पर्यटकांना ती साधारणपणे सकाळच्याच वेळात खुली असतात. चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय अक्षरशः पोळतात, त्यामुळे मोजे जवळ ठेवा. साडेनऊला खाली उतरा.

दुसरा दिवस, हवेल्या आणि तलाव. पहाटे गडीसर तलावावर जा. 'तिलों की पोल' हा त्याचा देखणा दरवाजा. तिलों नावाच्या गणिकेने तो बांधला आणि राजाने पाडू नये म्हणून त्यावर कृष्णाचं मंदिर उभारलं, असं सांगतात. मग पटव्यांची हवेली उघडल्या उघडल्या आत शिरा. नथमल यांची आणि सालमसिंह यांची हवेली जवळच आहे. संध्याकाळी व्यास छत्रीवर जा, तिथून मावळतीच्या उजेडात किल्ला पाहा.

तिसरा दिवस, शहराबाहेर. सकाळी सहा किलोमीटरवरच्या बडा बाग इथल्या राजघराण्याच्या छत्र्या पाहा, तिथून पुढे पंधरा-सोळा किलोमीटरवरचं लोद्रवा. ही भाटींची जुनी राजधानी, तिथलं जैन मंदिर पाहण्यासारखं आहे. कुलधरा सतरा-अठरा किलोमीटरवर, तिथे सावली जवळजवळ नाही, त्यामुळे सकाळी उघडल्यावर लगेच किंवा संध्याकाळी सम गावाला जाताना वाटेत.

तनोट माता मंदिर आणि १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला पाहायचं असेल तर पूर्ण सकाळ राखून ठेवा. तनोट सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पहाटे पाचच्या आत निघा आणि दुपारच्या आत परत फिरा. पेट्रोलची टाकी शहरातच भरा, गाडीत माणशी चार-पाच लिटर पाणी ठेवा, सगळ्यांची ओळखपत्रं सोबत असू द्या. गाडी बंद पडली तर पायी मदत शोधायला निघू नका. गाडीच्या सावलीत थांबा, फोन करा आणि येणारं वाहन थांबवा.

उंटावरचे शहाणे होऊ नका

सम इथल्या वाळूच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. हिवाळ्यात समला तंबूंचं गावच वसतं. मेमध्ये त्यातले बहुतेक तंबू उतरवलेले असतात. ऑनलाइन बुकिंग करण्यापूर्वी कॅम्प खरंच चालू आहे का, खोलीला पक्कं छप्पर आणि कूलर आहे का, हे फोनवर विचारून घ्या. रात्री मुक्काम करणार असाल तर सकाळी आठच्या आत शहरात परत या.

टेकड्यांवर संध्याकाळी साडेसहाच्या आधी जाऊ नका. दुपारी वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, उघड्या सॅंडलमध्ये पायाला फोड येतात. उंटाची फेरी छोटीच घ्या. उंट उन्हाला सरावलेला असला तरी त्यालाही सावली आणि पाणी लागतंच. अंगावर जखमा असलेला किंवा दमलेला उंट दिसला तर नको म्हणा. टेकड्यांवरून जीप उडवण्याचा प्रकार पट्टा नसलेल्या उघड्या गाडीत, मुलांना मांडीवर घेऊन अजिबात करू नका.

याच भागात डेझर्ट नॅशनल पार्क पसरलंय. राजस्थानचा राज्यपक्षी असलेल्या माळढोकच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी हा एक. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये ज्याला शोधायला लोक दुर्बिणी घेऊन बसायचे, तोच हा पक्षी. उन्हाळ्यात त्याचा विणीचा काळ सुरू असतो आणि मादी जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्यामुळे रस्ता सोडून माळावर गाडी घालणं किती महागात पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको.

मेमध्येच मिळतं असं काही आहे का?

आहे, तीन गोष्टी.

एक, ताजी केर-सांगरी. एरवी आपण खातो ती वाळवलेली असते. केर ही पानं नसलेल्या काटेरी झुडपाची हिरवी फळं आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. दोन्हींचा हंगाम एप्रिल-मे. केराचं लोणचं याच दिवसांत घातलं जातं. खेजडी म्हणजे कोण? दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी! राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे. सोबत बाजरीची राब, ताक आणि गोडाला जैसलमेरचे घोटुआ लाडू. दुपारच्या जेवणात तळलेलं कमी आणि ताक जास्त ठेवा.

दोन, आकाशगंगा. तिचा सर्वात तेजस्वी भाग वृश्चिक आणि धनू राशींच्या बाजूला असतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्यही त्याच बाजूला असल्यामुळे तो दिसत नाही. मेमध्ये मध्यरात्रीनंतर तो आग्नेयेकडून चांगला वर आलेला असतो. अमावास्येच्या आसपास शहराच्या दिव्यांपासून दूर, रात्रीच्या गार वाळूवर आडवं पडून पाहा.

तीन, शांतता. किल्ल्याच्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या आजोबांना हंगामात बोलायला सवड नसते. मेमध्ये ते स्वतःहून "आओ सा, बैठो" म्हणतात.

पाणी त्यांचं, पाहुणे आपण

आता थोडं गंभीर. पश्चिम राजस्थानचं पिण्याचं पाणी मोठ्या प्रमाणावर इंदिरा गांधी कालव्यातून येतं. या कालव्याच्या दुरुस्तीसाठी साधारणपणे मार्चअखेर ते मे या काळात काही आठवडे तो बंद ठेवतात. तिथे याला 'नहरबंदी' म्हणतात. म्हणजे ऊन सर्वात कडक आणि पाणी सर्वात कमी, या दोन गोष्टी एकाच वेळी येतात. साठवलेलं पाणी पुरवून वापरावं लागतं, अनेक ठिकाणी नळ एक-दोन दिवसांआड येतो, गावोगावी टँकर फिरतात.

लातूर, बीड, सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा बादलीने आंघोळ करा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, हॉटेलात स्विमिंग पूल आहे का हा प्रश्न मेमध्ये तरी विचारू नका.

किल्ल्याचा संबंधही पाण्याशी आहे. हा किल्ला कोरड्या हवेसाठी बांधला होता, पाणी डोक्यावरून वर नेलं जायचं. विसाव्या शतकात नळ आले, मग पाहुण्यांसाठी हॉटेलं आली, वापर कैक पटींनी वाढला आणि गटारांतून झिरपणारं पाणी टेकडीच्या ठिसूळ थरांत मुरू लागलं. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं. नंतर दुरुस्तीची कामं झाली, तरी प्रश्न मिटलेला नाही. म्हणून किल्ला डोळे भरून पाहा, तिथे जेवा, खरेदी करा, पण मुक्काम खाली शहरात करा. उन्हाळ्यात सामान घेऊन तो चढ चढण्याचा त्रासही वाचेल.

आंधी आली तर?

मे-जूनमध्ये धुळीची वादळं येतात. क्षितिजावर तपकिरी भिंत उठल्यासारखी दिसते आणि काही मिनिटांत अंधारतं. उघड्यावर असाल तर पक्क्या इमारतीत शिरा, होर्डिंग आणि विजेच्या खांबांपासून लांब राहा. गाडीत असाल तर रस्त्याच्या कडेला पूर्ण बाहेर घ्या, काचा बंद करा आणि धूळ बसेपर्यंत थांबा. नाका-तोंडावर ओला रुमाल धरा. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात ठेवावा, बॅगेत नको. आंधी गेल्यावर हवा एकदम गार होते, ती संध्याकाळ बहुतेक वेळा सहलीतली सर्वात सुखाची असते.

ऊन लागलं तर काय करायचं?

चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी ही पहिली पायरी. लगेच सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओल्या कपड्याने पुसा, ओआरएस घोट घोट पाजा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात आहे. हा जीवघेणा असतो. ताबडतोब १०८ किंवा ११२ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार कापड ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी देऊन हा ताप उतरत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि कितीही घाई असली तरी मुलांना बंद गाडीत ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणून जाऊ नका.

कोणी जाऊ नये?

गरोदर महिला, पाच वर्षांखालची मुलं, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले आणि वयस्कर मंडळी यांना मेमध्ये नेऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि शरीरातलं पाणी अधिक लवकर कमी होतं, त्यामुळे अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. घरात असं कुणी असेल आणि सगळ्यांनी मिळूनच जायचं असेल, तर सहल नोव्हेंबरात ढकला. किल्ला कुठे पळून जात नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जायचं कसं?
रेल्वेने जोधपूर आणि तिथून जैसलमेर, किंवा थेट जैसलमेर. जोधपूरपासून रस्त्याने सुमारे २८० किलोमीटर, पाच-साडेपाच तास. मारवाडातून दुपारचा प्रवास टाळा, रात्री निघून पहाटे पोहोचा. मेमध्ये एसीचंच तिकीट काढा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे तिथल्या आखा तीजला, राजस्थानात लग्नांचा धडाका असतो. त्या दिवसांत गाड्या भरलेल्या असतात, बुकिंग लवकर करा.

कपडे कोणते?
पूर्ण बाह्यांचे, सैल, फिक्या रंगाचे सुती कपडे. उघड्या अंगाला ऊन थेट भाजतं, झाकलेल्या अंगाला कमी. मोठा पंचा, टोपी, गॉगल आणि बंद बूट.

हवामानाचा इशारा कसा वाचायचा?
हवामान खातं मैदानी प्रदेशात ४५ अंशांच्या वर पारा गेला की उष्णतेची लाट आणि ४७ च्या वर गेला की तीव्र लाट मानतं. पिवळा इशारा म्हणजे सावध राहा, केशरी म्हणजे शहराबाहेरचे बेत रद्द करा, लाल म्हणजे निघालाच नसाल तर निघू नका. परत मिळणारं बुकिंग करण्यात शहाणपण आहे ते यासाठीच.

सीमेचा भाग आहे, सुरक्षित आहे ना?
एरवी हो. पण हा पाकिस्तानला लागून असलेला जिल्हा आहे. २०२५ च्या मेमधल्या तणावात इथे रात्री ब्लॅकआउट पाळला गेला होता. निघण्याआधी बातम्या पाहा आणि प्रशासनाच्या सूचना पाळा.

फोनचं काय?
उन्हात धरलेला फोन तापून बंद पडतो. पॉवर बँक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हॉटेल आणि ड्रायव्हर यांचे नंबर कागदावरही लिहून ठेवा.

थोडक्यात, मेमध्ये जैसलमेरला जायचं की नाही हे ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकच विचारा: रोज पहाटे पाचला उठायची आणि दुपारभर खोलीत पडून राहायची तयारी आहे का? सगळ्यांचं उत्तर "हो" असेल तर तिकिटं काढा. एकाचंही "नाही" असेल तर यंदा महाबळेश्वर बरं.